लॅब्रेडॉरचे पिल्लू आणायचे आहे. दिवसभराच्या जबाबदारीविषयी मदत हवी आहे (इंदूर)

शिप्रातीर (इंदूर) :

सर्वांना नमस्कार. देवासला राहणाऱ्या आमच्या परिचितांच्या लॅब्रेडॉर कुत्रीला पिल्ले झाली असून त्यांपैकी एक आम्ही घ्यावे असा त्यांचा आग्रह आहे. पिल्ले अजून महिन्याचीही नाहीत. पस्तिसाव्या दिवसापासून ती द्यायला सुरुवात करणार, असे त्यांनी कळवले आहे. होकार कळवण्यापूर्वी, ज्यांनी पिल्लू लहानाचे मोठे केले आहे अशा मंडळींकडून काही गोष्टी समजून घ्याव्यात म्हणून हा धागा काढत आहे.

आम्ही अन्नपूर्णा रोडजवळच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आहे, गच्ची सामायिक आहे, अंगण नाही. मी बँकेत नोकरी करते आणि साडेनऊला घर सोडते. यजमान पीथमपूरच्या एका कारखान्यात असल्यामुळे त्याहून आधी निघतात, आणि शिफ्ट बदलली की त्यांच्या वेळेचा काही नेम राहत नाही. मुलगी पाचवीत असून अडीच वाजता शाळेतून येते. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत आणि त्यांचे दोन्ही गुडघे दुखरे आहेत. म्हणजे साडेनऊ ते अडीच या वेळात घरात त्या आणि पिल्लू, एवढे दोघेच.

अडचण नेमकी येथे आहे. 'सगळे मी करीन' असे मुलगी म्हणते. तिच्या उत्साहाविषयी मला शंका नाही, परंतु दहा वर्षांच्या मुलीच्या शब्दावर दहा-बारा वर्षांची जबाबदारी उचलता येत नाही. यजमानांचे म्हणणे असे की आई घरीच असते, पिल्लू काय, दोन वेळा खाईल आणि झोपेल. सासूबाईंनी होकारही दिलेला नाही आणि नकारही. 'तुम्हाला हवे असेल तर आणा' एवढेच त्या म्हणाल्या, आणि आमच्या घरात या वाक्याचा अर्थ काय होतो हे मला चांगले ठाऊक आहे.

पिल्लू गोड असते, घरात आनंद येतो, हे सर्व मान्य आहे. त्याविषयी कृपया लिहू नये. पहिल्या पाच-सहा महिन्यांत दुपारच्या त्या वेळात प्रत्यक्ष काय काय करावे लागते, त्यांपैकी कोणते काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येते आणि कोणते घरच्याच माणसाने करावे लागते, हे मला जाणून घ्यायचे आहे. पस्तीस दिवसांचे पिल्लू आणणे योग्य आहे का, आणि 'आमची दूध-पोळीवरच वाढली' असे सांगणाऱ्यांवर कितपत विश्वास ठेवावा, हेही जाणकारांनी सांगावे.

कमाटीबागकर (वडोदरा) :

ताई, तुमच्या यजमानांचे अर्धे म्हणणे खरे आहे. पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपते. उरलेले तास मात्र सलग नसतात, आणि सगळे काम त्या तुकड्यांमध्ये असते. उठले की शू, खाल्ल्यावर थोड्या वेळात शी, खेळून दमले की पुन्हा शू. दोन महिन्यांचे पिल्लू जागेपणी दोन-तीन तासांपलीकडे धरू शकत नाही. महिन्यांत जितके वय तितके तास, वर फार तर आणखी एक, असा ढोबळ हिशेब सांगतात. तुमची दुपार पाच तासांची आहे. ते चार-पाच महिन्यांचे होईपर्यंत ही दुपार कोरडी जाईल अशी अपेक्षा ठेवू नये. मधल्या वेळात निदान दोनदा कोणाला तरी खाली वाकून पुसावे लागणार, आणि सासूबाईंचे गुडघे तेथेच आड येतील.

दुसरी गोष्ट दातांची. पिल्लाला दुधाचे 28 दात असतात. ते चौथ्या महिन्याच्या सुमारास पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत 42 पक्के दात येतात. तोपर्यंत हिरड्या सळसळत असल्यामुळे जे मिळेल ते चावायचे असते. चालणाऱ्या माणसाच्या घोट्याजवळ हलणारे कापड त्यांना फार आवडते. आमच्या आईच्या पातळाचा काठ तोंडात धरून आमचे पिल्लू मागे मागे सरकत असे आणि आई स्वयंपाकाच्या ओट्याला धरून उभी राही. पाय उचलला तर तोल जाणार, नाही उचलला तर पातळ फाटणार. ओरडले की त्याला तो खेळच वाटे. शेवटी आम्ही बैठकीच्या कोपऱ्यात जाळीचे सुटे कुंपण लावून घेतले. आई बाहेर खुर्चीवर बसून भाजी निवडत असे, आत पिल्लू आपले खेळणे चावत असे, आणि दोघांनाही सोबत मिळे. तुम्ही हा खर्च पिल्लू आणण्यापूर्वीच करावा.

पैसे देऊन काय होते? पुसणे होते, दुपारचे खाणे देणे होते, पुढे पट्टा धरून फिरवून आणणेही होते. रात्रीचे जागरण होत नाही. पहिले काही दिवस आई-भावंडांवाचून ते रडते. त्याची झोपायची जागा तुमच्या पलंगाशेजारी असली तर लवकर शांत होते. 'नाही' म्हणजे नाही हे शिकवणेही विकत मिळत नाही, कारण घरातल्या एकाने सोफ्यावर घेतले आणि दुसऱ्याने हाकलले तर पिल्लाला काहीच कळत नाही.

पहिल्या वर्षी खाणे, लसी, जंतनाशक आणि गोचिडांचे औषध मिळून आमचा महिन्याला सरासरी पाच हजारांच्या आसपास खर्च होत असे. आजारपण त्याहून वेगळे.

महूकर (महू) :

मी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो आणि आता सेवानिवृत्त आहे. आपल्या शेवटच्या दोन प्रश्नांपुरते लिहितो.

पस्तीस दिवसांचे पिल्लू आणू नये. पाचव्या ते आठव्या आठवड्यात ते आईकडून आणि भावंडांकडून एक महत्त्वाची गोष्ट शिकते : आपण जोरात चावलो तर समोरचा ओरडतो आणि खेळ थांबतो. हे शिक्षण अर्धवट राहिलेली पिल्ले माणसांच्या हातांवर तोच प्रयोग करत राहतात, आणि आपल्या घरी तो हात दहा वर्षांच्या मुलीचा असणार आहे. कुत्र्यांच्या प्रजननाविषयीचे केंद्राचे 2017 चे नियमही आठ आठवड्यांखालील पिल्लू विकण्यास मनाई करतात. परिचितांना हे सौम्य शब्दांत सांगता येईल. पिल्ले बहुधा जागा आणि वेळ पुरत नाही म्हणून लवकर दिली जातात; आपण त्या तीन आठवड्यांच्या खाण्याचा आणि पहिल्या लसीचा खर्च देऊ केला तर ते ऐकतील. आईचे लसीकरण झाले आहे का, हेही त्याच वेळी विचारावे.

सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिली लस, त्यानंतर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढील मात्रा, शेवटची सोळाव्या आठवड्याच्या सुमारास. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर आणि पुढे आपले डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, बहुधा दरवर्षी. जंतनाशक तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर किंवा बागेत जमिनीवर सोडू नये, कारण पार्वो हा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो आणि या वयात तो अनेकदा प्राण घेतो. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे फिनेल त्यावर भरवशाचे नाही, शिवाय ओली फरशी चाटणाऱ्या पिल्लाला ते अपायकारक ठरते. पार्वोसाठी एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी हे प्रमाण चालते. फरशी पूर्ण वाळेपर्यंत पिल्लू दुसऱ्या खोलीत ठेवावे.

मात्र याचा अर्थ त्याला चार महिने घरात कोंडावे असा नव्हे. साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत जे जे ते पाहते आणि ऐकते, त्याची भीती पुढे कमी राहते. म्हणून त्याला कडेवर घेऊन खाली उतरावे, स्कूटर दाखवावी, कचरागाडीचे गाणे ऐकवावे, टोपीवाला आणि काठीवाला माणूस दाखवावा. हे काम मुलीला अवश्य द्यावे. ती ते उत्तम करील.

दूध-पोळीवर पिल्लू जगते, पण लॅब्रेडॉरसारख्या मोठ्या हाडाच्या पिल्लाची वाढ नीट होत नाही, आणि गाईम्हशीच्या दुधाने पुष्कळ पिल्लांना जुलाब होतात. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचे तयार खाद्य चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा विभागून द्यावे. ते देत असाल तर वरून कॅल्शियमचे औषध देऊ नये; हौसेने दिलेल्या जास्तीच्या कॅल्शियममुळे सांध्यांचे विकार झालेली पिल्ले मी पुष्कळ पाहिली आहेत. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षे आणि चॉकलेट ही कुत्र्यांना विषारी आहेत. इंदुरी घरात याचा अर्थ असा की पोह्यातला कांदा, लसणाची शेव आणि प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणा खाली पडला तर लगेच उचलावा लागतो.

खेळताना पिल्लाचा दात मुलीला लागून रक्त आले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. 'घरचेच पिल्लू आहे' म्हणून टाळू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर इलाज उरत नाही.

रामबागवाला (इंदूर) :

विकतच्या पिल्लामागे का लागता? प्रत्येक गल्लीत देशी पिल्ले आहेत, काटक असतात, आपल्या उन्हाळ्याला सरावलेली असतात.

महूकर (महू) :

काटक असतात हे बरोबर, आणि देशी पिल्लू घरी आणण्याचा मीही पुरस्कर्ता आहे. परंतु शू, दात आणि लसी यांचे वेळापत्रक तिळमात्र बदलत नाही. धागाकर्तीचा प्रश्न साडेनऊ ते अडीचचा आहे.

जयविलास (ग्वाल्हेर) :

पिल्लाविषयी सर्वांनी लिहिले आहे. मी सात-आठ महिन्यांनंतरचे लिहितो. लॅब्रेडॉर वर्षभरात पंचवीस ते तीस किलोचा होतो आणि अंगाने मोठा झाला तरी अकलेने दोन वर्षे पिल्लूच राहतो. शेजारची मांजर दिसली की तो हिसका देतो. माझ्या वडिलांना अशाच एका हिसक्याने जिन्यात पडून मनगटाला प्लास्टर घालावे लागले. तेव्हा सासूबाईंच्या हाती पट्टा कधीही द्यायचा नाही, अगदी 'खालीच तर जायचे आहे' म्हणूनही नाही, हे आजच ठरवून टाकावे. रोज सकाळ-संध्याकाळ मिळून तासभर त्याला दमवणारा धडधाकट माणूस घरात कोण, याचे उत्तर एका नावाने द्या. 'आम्ही सगळे' हे उत्तर पावसाळ्यात टिकत नाही. एप्रिल-मे महिन्यांत तर सातच्या आत फिरवून आणावे लागते, कारण तापलेल्या डांबरावर पंजे भाजतात.

इमारतीत कोणी आक्षेप घेतला तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना पाहाव्यात. त्यांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट वापरण्यासही मज्जाव करता येत नाही. पण शी उचलायची पिशवी खिशात असली पाहिजे. इंदुरात तर तुम्हाला हे सांगायला नको.

शिप्रातीर (इंदूर) :

सर्वांचे मनापासून आभार. हा धागा मी घरी सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवला. पातळाचा प्रसंग ऐकून सासूबाई हसल्या, आणि त्यानंतर प्रथमच स्पष्ट बोलल्या. त्या म्हणाल्या, 'दुपारचे खाणे मी देईन, त्याच्याजवळ बसेन, त्याच्याशी बोलेन. फरशी पुसणार नाही, पट्टा धरणार नाही, आणि मंगळवारी माझे भजन असते, तेव्हा मी घरी नसेन.' मला यापेक्षा स्वच्छ उत्तर नको होते.

आमच्याकडे सकाळी आठला येणाऱ्या मावशी जास्तीचा पगार घेऊन अकरा वाजता यायला आणि जाण्यापूर्वी पिल्लाची जागा पुसून द्यायला तयार आहेत. म्हणजे एक पुसणे निभावले. दुसरे साडेबारा-एकच्या सुमाराचे, त्यासाठी आणि मंगळवारसाठी खालच्या मजल्यावरच्या महाविद्यालयीन मुलाला विचारले आहे. पट्ट्याचे नाव यजमानांचे लिहिले गेले आहे. त्यांची शिफ्ट बदलेल तेव्हा माझे. देवासच्या मंडळींनी आठ आठवडे पिल्लू ठेवण्याचे कबूल केले असून लसीचा खर्च आम्ही देणार आहोत. आठ आठवडे ऐन दिवाळीत पूर्ण होतात, म्हणून फटाके आटोपल्यावरच ते आणावे असे वाटते. हे योग्य होईल ना?

एक प्रश्न राहिला. जानेवारीत पुण्याला नात्यातले लग्न आहे आणि आम्ही चौघेही जाणार आहोत. तेव्हा पिल्लाला रेल्वेने नेता येते का?

महूकर (महू) :

दिवाळी उलटल्यावरच आणा. नव्या घरातल्या पहिल्याच रात्री सुतळी बॉम्ब ऐकलेले पिल्लू पुढे वर्षानुवर्षे पलंगाखाली दडते. फक्त तेव्हा माळव्यातली थंडी सुरू झालेली असेल, म्हणून झोपायची जागा उघड्या फरशीवर नको. खाली गोणपाट किंवा जुनी सतरंजी घालावी.

जयविलास (ग्वाल्हेर) :

रेल्वेत कुत्र्याला न्यायचे तर प्रथम वर्गातला पूर्ण कूपे आपल्या नावावर असावा लागतो, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवतात. साडेचार महिन्यांच्या पिल्लाला रात्रभर एकटे त्या पेटीत ठेवणे मला तरी पटत नाही. शिवाय लग्नघरात त्याच्याकडे बघायला कोणाला सवड असणार? देवासच्या मंडळींना आत्ताच विचारून ठेवा. त्याची आई तेथेच आहे आणि घर त्याच्या ओळखीचे आहे. ते नाही म्हणाले तर एखाद्या ओळखीच्या घरी ठेवा, पण लग्नाआधी एक रात्र त्याला तेथे ठेवून पाहा आणि सकाळी ते नीट खाते का हे त्यांना विचारा. खात असेल तर निर्धास्त जा.