'शेअर्ड प्रोसेसर' आणि त्याचं 'वेट' : मराठीत काय म्हणावं?

विचारणा

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापुरातून घरूनच मेनफ्रेमचं, म्हणजे मोठ्या संस्थांच्या दणकट संगणकांचं, काम करतो. आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहितोय. बहुतेक जण बार्शी, मोहोळ, अक्कलकोटकडचे, मराठी माध्यमातून आलेले. एलपारच्या (लॉजिकल पार्टिशन, म्हणजे एकाच यंत्राचे स्वतंत्र संगणकासारखे वागणारे भाग) प्रकरणात शब्द अडलेत. एकच यंत्र अनेक एलपारमध्ये विभागतात, प्रोसेसर मात्र सगळ्यांत मिळून, आणि कुणाला किती ते ठरतं 'वेट'वर. कोशात 'वेट' म्हणजे 'भार'. पण 'या एलपारचा भार ५००' असं लिहिलं तर वाचणारा समजणार की तिथे काम जास्त आहे. आणि एकाच एलपारला दिलेल्या 'डेडिकेटेड' प्रोसेसरला 'समर्पित' लिहायला हात धजत नाही. काय वापरावं?

प्रतिसाद

'भारांक' चालेल की. 'भारित सरासरी' पाठ्यपुस्तकात आहेच.

प्रतिसाद

दादा, 'भारांक' परीक्षेपुरता ठीक, पण त्यातून अर्थ पोचत नाही. आपल्या भागातली मुलं आहेत ना, मग सामाईक विहीर घ्या. सातबाऱ्यावर कुणाचा आठ आणे हिस्सा, कुणाचा चार आणे, आणि त्या हिश्श्याप्रमाणे मोटर चालवायची पाळी. वेट म्हणजे नेमका हा हिस्सा.

हिशोबही तसाच. सामाईक प्रोसेसर १० आणि तीन एलपारची वेट ५००, ३०० आणि २००, तर वाट्याला येतात ५, ३ आणि २. वेट १ ते ९९९ मधलं काहीही देता येतं, पण त्या आकड्याला एकट्याने अर्थ नाही. चौथा एलपार चालू केला की पहिल्या तिघांच्या आकड्याला हात न लावताही त्यांचा वाटा घटतो. हे मुलांना गणित मांडूनच दाखवा.

वाटा आठवतो तोही टंचाईतच. शेजाऱ्याला पाणी नको असेल तर त्याच्या पाळीत आपण मोटर चालवतो, तसं इथेही रिकामा प्रोसेसर मागेल त्याला मिळतो. म्हणून 'मर्यादा' हा शब्द वेटसाठी अजिबात नको. तो कॅपिंगसाठी ठेवा: कॅप लावली की बाजूला प्रोसेसर रिकामे असले तरी हिश्श्यापलीकडे मिळत नाही.

'डेडिकेटेड'ला 'राखीव'. राखीव डबा कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

प्रतिसाद

हिश्श्यासाठी 'आणेवारी' हा अस्सल शब्द आहे, तोच घ्या.

प्रतिसाद

काका, सोलापूर जिल्ह्यात आणेवारी म्हटलं की आधी पीक आणि दुष्काळच डोळ्यांपुढे येतो. पन्नास पैशांच्या आत आली का, हाच पहिला प्रश्न. 'हिस्सा' बरा.

मूळ विचारणा करणाऱ्याकडून

'हिस्सा' आणि 'राखीव' घेतो, आभार. पण सिसप्लेक्सच्या, म्हणजे मिळून काम करणाऱ्या सिस्टिम्सच्या समूहाच्या, भागात पुन्हा अडतोय. कपलिंग फॅसिलिटीला (समूहाचे लॉक आणि सामाईक माहिती सांभाळणाऱ्या एलपारला) भरपूर हिस्सा दिला, तरी प्रोसेसर सामाईक असेल तर सगळा समूह मंदावतो. हे 'हिस्सा' या शब्दात कुठे दिसतं?

प्रतिसाद

दिसत नाही, कारण तिथे प्रश्न हिश्श्याचा नाहीच. तिथे 'पाळी' हा शब्द आणा. किती मिळतं यापेक्षा कधी मिळतं याला महत्त्व.

कपलिंग फॅसिलिटीकडे लॉकची (एका वेळी एकानेच माहिती बदलावी यासाठीच्या कुलपाची) एखादी विनंती जाते, तिचं प्रत्यक्ष काम काही मायक्रोसेकंदांचं. पीआर/एसएम (एलपारना प्रोसेसर वाटून देणारी यंत्रातली प्रणाली) मात्र सामाईक प्रोसेसर साधारण १२.५ ते २५ मिलिसेकंदांच्या पाळीने देतं. म्हणजे विनंती आली तेव्हा फॅसिलिटी पाळीबाहेर असेल, तर कामाच्या हजारपट वेळ नुसता थांबण्यात जाऊ शकतो. आणि विनंती सिंक्रोनस असेल तर पाठवणाऱ्या झेड ओएसचा (मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा) प्रोसेसर दुसरं काही न करता उत्तराची वाट बघत फिरत राहतो. गैरसोय एकाची, सीपीयूचा खर्च दुसऱ्याच्या खात्यात! फार लांबतंय असं दिसलं की झेड ओएस विनंती असिंक्रोनस करतं, म्हणजे उत्तर येईपर्यंत प्रोसेसर दुसऱ्या कामाला लावतं, पण त्यातही व्यवहाराला उशीर होतोच. प्रत्यक्ष वापरातल्या (प्रॉडक्शन) फॅसिलिटीला राखीव प्रोसेसर द्या, असा आग्रह धरतात तो यासाठीच, आणि माझंही मत तेच आहे.

सामाईकच ठेवायचा असेल तर झेड१५ पर्यंतच्या मेनफ्रेमवर डायनडिस्प ही सेटिंग बघा; २०२२ च्या झेड१६ पासून तिचा 'थिन' हा एकच पर्याय उरला आहे. 'ऑफ'वर फॅसिलिटी काम नसतानाही पाळी संपेपर्यंत प्रोसेसर अडवून विनंत्या शोधत बसते. दोन फॅसिलिट्या एकाच प्रोसेसरवर असतील तर दुसरी तोवर ताटकळते. 'थिन'वर विनंती आली की इंटरप्ट जातो, फॅसिलिटीला प्रोसेसर मिळतो, आणि काम झालं की ती तो लगेच सोडते. ही सोय २०१३ मध्ये सीएफलेव्हल १९ (फॅसिलिटीच्या प्रणालीची आवृत्ती) बरोबर आली.

मूळ विचारणा करणाऱ्याकडून

'पाळी'ने खूप सुटलं. मग २ प्रोसेसरचा हिस्सा आणि ८ लॉजिकल (एलपारला आपले म्हणून दिसणारे) प्रोसेसर, असा एलपारही याच शब्दाने सांगता येईल?

प्रतिसाद

हो, 'तुटपुंजी पाळी' म्हणा. सगळे एलपार जोरात असतील तेव्हा त्या आठांतल्या प्रत्येकाला खऱ्या प्रोसेसरचा जेमतेम पाव वेळ मिळतो. एखादं काम लॉक हातात धरून पाळीबाहेर गेलं, की त्या लॉकसाठी थांबलेले सगळे अडकतात. २००८ च्या झेड१० मेनफ्रेमपासून यावर हायपरडिस्पॅच ही सोय आहे. ते काम थोड्या लॉजिकल प्रोसेसरवर एकवटतं आणि नको असलेले बाजूला लावतं. त्या 'पार्क'ला मात्र 'पार्क'च राहू द्या.