शेततळ्यातले मासे पाण्याबाहेर उड्या मारतायत, काय करावं?

सिन्नरचा_शेतकरी: नमस्कार मंडळी. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं आहे, ३० × ३० मीटर, ३ मीटर खोल. रोहू, कटला, मृगळ सोडलेत, अर्ध्या किलोच्या पुढे गेलेत. हल्ली सारख्या उड्या मारतात. सकाळी काही कडेच्या प्लास्टिकवर मेलेले सापडतात, जीव तुटतो. दुकानदार म्हणतो ऑक्सिजनच्या गोळ्या टाका. टाकू का?

तळेकरी: भाऊ, गोळ्या जरा थांबवा. ऑक्सिजन कमी पडला की मासा सहसा उडी मारत नाही, वर येऊन तोंडाने आ वासतो. रात्रभर शेवाळही ऑक्सिजन खातं, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. लिटरमागे ५ मिलिग्रॅम असला तर चांगलं, ३ च्या खाली गेला की हाल. पहाटे सगळे मासे आ वासून वर दिसले तर लगेच खाद्य बंद, मोटर लावून पाणी फवाऱ्यासारखं पाडा. तुमचे नक्की कधी उडतात? पाणी येतं त्या नळीपाशी की सगळीकडे? अंग घासतात का?

रत्नागिरीकर: नळीचं विचारलंत ते बरं केलंत. आमच्याकडे पहिल्या पावसात वलगणीचे मासे ओढ्यातून उलटे शेतात चढतात. रोहू-कटल्यालाही वाहत्या पाण्याची तशीच ओढ, त्यांची वीण पावसाळ्यात नदीच्या पुरातच होते. तळ्यात नवीन पाणी पडायला लागलं की त्या धारेकडे झेपावतात. तो आजार नव्हे, त्या बाजूला जाळी उभी केली की पुरे.

गवत्या: चंदेरा (सिल्व्हर कार्प) सोडलाय का? तो नुसत्या आवाजाने उडतो. अमेरिकेत इलिनॉय नदीत बोटीच्या इंजिनाने बिथरून माणसांच्या अंगावर येतो.

सिन्नरचा_शेतकरी: चंदेरा नाही. नळीपासून लांबही उडतात, भर दुपारीसुद्धा. आणि हो, कडेच्या प्लास्टिकवर कूस घासताना दिसतात.

तळेकरी: मग माझा संशय उवांवर. आरग्युलस म्हणतात तिला. चपटी, गोल, खवल्याला चिकटून रक्त पिते, डोळ्यांनी दिसते. खाजेने मासा घासतो, उडतो. जाळं टाकून चार-पाच मासे काढा, पंखांच्या मुळाशी आणि कल्ल्यांजवळ बघा. सोबत पाण्याचा अमोनिया आणि सामू (पीएच) तपासून घ्या, अमोनिया वाढला तरी कल्ले चुरचुरतात आणि मासा असाच बेचैन होतो. दुपारी शेवाळामुळे सामू चढला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो.

ऊ निघाली तर पिकावरचं कीटकनाशक अंदाजाने अजिबात ओतू नका, तळंच्या तळं मरतं. औषध आणि मात्रा मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याला विचारूनच. तोवर एक करा: ही ऊ पाण्यातल्या कडक पृष्ठभागावर अंडी चिकटवते. लाकडी फळ्या दोरीने पाण्यात सोडा, आठवड्याला बाहेर काढून खरवडा, कडक उन्हात वाळवा, मग परत सोडा. आणि चारी कडांना दीड-दोन हात उंच जाळी आजच लावा.