मदत हवी आहे: ३० तासांचं रिक्रिएशनल लायसन्स इकडे चालेल का?

फडफड_पुणे
अमेरिकेत ३० तासांत रिक्रिएशनल, म्हणजे हौशी पायलटचं सर्टिफिकेट मिळतं. आपल्याकडे पीपीएलला (खाजगी पायलट लायसन्सला) ४० लागतात. माझे ११ झालेत. डिसेंबरात तीन आठवडे तिकडे जातोय. उरलेले १९ तिथेच उरकले तर परत आल्यावर बारामतीला विमान भाड्याने घेऊन उडवता येईल ना? शनिवारपर्यंत तिकिटं काढायचीत, म्हणून हो की नाही एवढंच सांगा. ‘डीजीसीएची साइट बघा’ नको, लायसन्स देणाऱ्या त्या सरकारी खात्याची साइट बघून झाली.

शेपूटवारा
नाही.

फडफड_पुणे
कारण सांगायला पैसे पडतात का?

शेपूटवारा
तुम्हीच म्हणालात एवढंच सांगा! असो. रिक्रिएशनल हा एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या विमान खात्याचा घरगुती वर्ग. आपल्याकडे तो वर्गच नाही, मग बदलून काय घेणार? इथे हौसेने उडवायचं तर पीपीएल: वय १७ पूर्ण, दहावी पास, ४० तास. त्यात २० सोलो (एकट्याने), त्यातले ५ क्रॉसकंट्री (लांबच्या गावापर्यंत), आणि एक फेरी किमान १५० नॉटिकल मैलांची, वाटेत दोन वेगळ्या धावपट्ट्यांवर उतरून पूर्ण थांबायचं. लेखी परीक्षा वेगळी.
आता तुम्ही सांगा. ११ तास कशावर, कुठे, कधी? सोलो किती? मेडिकल झालंय का?

कॅप्टन_होणारच
पीपीएलमध्ये वेळ घालवू नका. सरळ सीपीएल (व्यावसायिक लायसन्स) करा, २०० तास, पुढे एअरलाइनला नोकरी. बारावीला फिजिक्स-मॅथ्स होतं ना?

फडफड_पुणे
मी ४४ वर्षांचा आहे हो. नोकरी आहे मला.

हडपसरचे_काका
आधी ग्लायडर शिका. हडपसरला सासवड रस्त्यालगत डीजीसीएचंच ग्लायडिंग सेंटर. विंचने दोर खेचून वर सोडायचे, दोर सुटला की जी शांतता, ती इंजिनवाल्यांना कळायची नाही. आमच्या वेळी सायकलवरून जायचो. जेआरडी टाटांना १९२९ च्या १० फेब्रुवारीला लायसन्स मिळालं, भारतातलं पहिलं. तेव्हा कुठली साइट होती?

शेपूटवारा
काका, ग्लायडरचे तास विमानाच्या ४० मध्ये मोजत नाहीत. सेंटरवर सध्या काय चालतं ते समक्ष जाऊन विचारलेलं बरं.

हडपसरचे_काका
मोजायला कोण सांगतंय? हात बसतो, वारा कळतो. आजकाल सगळे तास मोजतात.

कामशेतचा_पक्षी
कामशेतला पॅराग्लायडिंगचा कोर्स करा, काही दिवसांत स्वतः उडाल. पुण्याहून दीड तास. हिवाळ्यात हवा मस्त असते.

ड्रोनवाला_९९
ड्रोन उडवायच्या रिमोट पायलट सर्टिफिकेटला १८ वर्षं आणि दहावी पुरते. कोणाला हवं असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

फडफड_पुणे
ड्रोनचं कुणी विचारलंय? तास: २०१६ मध्ये ऑनसाइट होतो तेव्हा सेसना १७२ वर इन्स्ट्रक्टरबरोबर. सोलो झालं नाही, प्रोजेक्ट संपला. ७ तास ते आणि ४ सिम्युलेटरवर.

अर्धी_लॉगबुक
सिम्युलेटर कुठला? मान्यताप्राप्त, की घरच्या कॉम्प्युटरला जॉयस्टिक लावून?

फडफड_पुणे
घरचाच. पण सेटअप चांगला आहे.

अर्धी_लॉगबुक
म्हणजे ७. त्यावर इन्स्ट्रक्टरची सही असेल तर अमेरिकेत चालतील, तिकडे जुने तास बाद होत नाहीत. इथे किती वर्षांपूर्वीचे तेही बघतात, तेव्हा ते विसरा. आणि तीन आठवड्यांचा हिशोब व्हिसापासून करा. तिकडे परदेशी माणसाला पहिलं सर्टिफिकेट करायचं तर आधी टीएसएची, म्हणजे त्यांच्या वाहतूक सुरक्षा खात्याची परवानगी लागते. फिरायच्या व्हिसावर कोर्स करता येत नाही.
माझं सांगते. इथेच पीपीएल केलं, कुठे ते लिहीत नाही. दर शनिवारी पहाटे चारला कोथरूडहून गाडी काढायची. पोचलं की कधी धुकं, कधी आडवा वारा, कधी विमान मेंटेनन्सला, आणि सीपीएलची पोरं आधी. चार वेळा गेलं तर एकदा उडायला मिळायचं. मध्ये खंड पडला की लँडिंग पुन्हा पहिल्यापासून. ४० तास कागदावर. माझे ५२ झाले आणि १४ महिने गेले. तासाचा दर पाच आकडी, म्हणून वरच्या बारा तासांचे पैसे आधीच बाजूला ठेवा.

कॅप्टन_होणारच
म्हणूनच म्हणतो, तेवढ्यात सीपीएल झालं असतं.

अर्धी_लॉगबुक
५२ मध्ये २००? कुठल्या शाळेत गणित शिकलात?

एरंडवण्याचा_अभ्यासू
लोहगावला क्लब का काढत नाहीत पण?

शेपूटवारा
तळ हवाई दलाचा आहे. नागरी टर्मिनल तिथे पाहुणं. तिथे शिकाऊ सेसना कोण घिरट्या घालू देईल?

एरंडवण्याचा_अभ्यासू
पुरंदरचा नवा विमानतळ झाला की तरी...

हडपसरचे_काका
पुरंदरचं नाव काढू नका. माझ्या व्याह्यांची जमीन आहे तिकडे.

शेपूटवारा
धागा घसरतोय. @फडफड, उडवायचंय कशासाठी? एकट्याने चकरा मारायला?

फडफड_पुणे
नाही, बायको आणि दोन मुलींना न्यायचंय. मुलींना कधीचं कबूल केलंय.

शेपूटवारा
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! रिक्रिएशनलवर एकच प्रवासी नेता येतो, अमेरिकेतसुद्धा. चार जणांसाठी पीपीएलच.

कामशेतचा_पक्षी
तीन फेऱ्या मारायच्या. बायकोला पहिल्या फेरीत.

अर्धी_लॉगबुक
आणि अजून मेडिकलचं उत्तर नाही. क्लास टू, डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडेच. ईसीजी, कान, रक्त, डोळे. चष्म्याचं फारसं अडत नाही, रंग ओळखण्यात अडतं. ते झाल्याशिवाय कुठेही आगाऊ पैसे भरू नका. कोर्सचे पैसे भरून मग मेडिकलला अडकलेला माणूस मी पाहिलाय.

फडफड_पुणे
रंगांचं म्हणजे ते ठिपक्यांमधले आकडे?

अर्धी_लॉगबुक
हो. का?

फडफड_पुणे
कॉलेजात एकदा केली होती. मित्र म्हणाला ७४, मला २१ दिसला होता.

शेपूटवारा
तिकिटं थांबवा. सोमवारी आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि इथे येऊन सांगा.

ड्रोनवाला_९९
व्यनि केलाय.