मेइरिन शाळा नेमकी कोणी वाचवली?

कौलारू:
‘सरळरेषा’ यांनी गेल्या आठवड्यात येथे लिहिले की, मुले उरली नाहीत म्हणून बंद पडलेली मेइरिन प्राथमिक शाळा क्योतो महापालिकेने ‘मोठ्या मनाने’ कलावंतांच्या स्वाधीन केली आणि महाराष्ट्र शासनानेही कमी पटाच्या शाळांबाबत हाच कित्ता गिरवावा. ‘मोठ्या मनाने’ हे वाचून मात्र गप्प बसवले नाही. 1869 मध्ये राजधानीचा मान तोक्योकडे गेला आणि क्योतोला उतरती कळा लागली. त्याच वर्षी तेथील रहिवाशांनी वस्तीनिहाय 64 प्राथमिक शाळा उभ्या केल्या. जपानचा राष्ट्रीय शिक्षणाचा आदेश त्यानंतर, म्हणजे 1872 मध्ये निघाला. शाळांच्या खर्चासाठी वर्गणी दर चुलीमागे, म्हणजे दर घरामागे, घेतली जाई, मग घरात शाळकरी मूल असो वा नसो. मेइरिन त्या 64 पैकी एक. व्यापाऱ्यांना नीतिधर्म शिकवणाऱ्या शिंगाकु पंथाच्या प्रवचनगृहात ती सुरू झाली. आजची काँक्रीटची इमारत 1931 ची असून तीही मुरोमाची भागातील कापडव्यापाऱ्यांच्या व इतर रहिवाशांच्या देणग्यांतून उभी राहिली. ज्यांनी ही शाळा दोनदा स्वतःच्या पैशाने बांधली, त्यांच्याच मोहल्ल्यात त्यांचीच इमारत वापरात ठेवण्याला औदार्य कसे म्हणावे?

सरळरेषा:
आपण वर्गणीचे वर्णन इतक्या भक्तिभावाने केले आहे की, त्या शाळांची योजना प्रांतिक प्रशासनाने आखली होती आणि त्याने पैशाचीही मदत केली होती, हे सांगायचे राहून गेले. शाळा 1993 मध्ये बंद झाली आणि कला केंद्र 2000 च्या एप्रिलमध्ये उघडले. मधल्या 7 वर्षांत एकोणिसाव्या शतकातल्या चुलींनी छताची डागडुजी केली नाही. केंद्र महापालिकेने स्थापन केले आणि त्याचा भारही तीच वाहते. देणगीदारांचे नातू तेव्हा उपनगरांत राहायला गेले होते, म्हणून तर पट घसरला! वारसा सांगणे सोपे असते, विजेचे बिल भरणे अवघड.

ओसाकानिवासी:
नोकरीनिमित्त मी या भागात राहतो आणि क्योतोच्या त्या केंद्रात अधूनमधून जातो, म्हणून दोघांनाही थोडे थांबवतो. जुन्या वर्गांपैकी 12 खोल्या निवडलेल्या कलावंतांना ठरावीक मुदतीसाठी विनामूल्य मिळतात. मोबदल्यात त्यांनी नागरिकांसाठी कार्यशाळा घ्यायची, अशी अपेक्षा असते. 78 तातामींचे (गवती चटयांचे) मोठे दालन अजून तसेच आहे आणि वरच्या मजल्यावर जायला जिन्याबरोबरच उताराची वाटही आहे. तेथे चहाचे समारंभही होतात. शाळेचा शंभर वर्षांहून जुना पेट्रोफ पियानो परिसरातील लोकांच्या पुढाकाराने दुरुस्त झाला असून तो मैफलींत वाजतो. तेव्हा ‘सरळरेषा’, नातू सगळेच निघून गेले नव्हते.

परंतु ‘कौलारू’ यांच्या युक्तिवादालाही मोठे भगदाड आहे. रिस्सेई ही शाळाही त्याच 64 मधली आणि तीही 1993 मध्येच बंद झाली. 1897 मध्ये जपानमध्ये पहिल्यांदा चलच्चित्र पडद्यावर दाखवण्याचा प्रयोग त्याच जागेवर झाला, असे मानतात. बंद शाळेत 2013 पासून एक छोटे चित्रपटगृह चालत असे. ते 2017 मध्ये हलवावे लागले आणि 2020 मध्ये तेथे हॉटेल उभे राहिले. कियोमिझु शाळेचेही त्याच वर्षी हॉटेल झाले. वर्गणीचा हक्क इतका पक्का असेल, तर तो रिस्सेईत कोठे गेला?

माजी मुख्याध्यापिका:
जपानच्या पियानोचे कौतुक पुरे झाले असेल, तर मूळ प्रस्तावातील घातक भागाकडे वळते. कमी पटाची शाळा म्हणजे रिकामी शाळा नव्हे. मी अशा शाळेत आयुष्य काढले आहे. पट 11 वर आला तरी त्या 11 मुलांना पावसाळ्यात ओढा ओलांडून दुसऱ्या गावी जाणे शक्य नव्हते. कर्मवीर भाऊरावांच्या मुष्टिफंडाला ज्या बायांनी मूठ-मूठ धान्य दिले, त्यांनी ते कलादालनासाठी दिले नव्हते. माझ्या वडिलांनी आमच्या गावच्या शाळेच्या पायासाठी बैलगाडीने दगड वाहिले. पुढे शाळा बंद करून ती इमारत ‘सांस्कृतिक उपक्रमा’साठी एका संस्थेला मिळाली. आज तेथे लग्नाच्या मांडवाचे सामान ठेवलेले असते आणि कुलूप कोणाकडे आहे, हे ग्रामसभेतही कोणी सांगत नाही.

सरळरेषा:
बाई, आपल्या वडिलांविषयी पूर्ण आदर ठेवून विचारतो : मी ‘चालू शाळा बंद करा’ असे कोठे लिहिले आहे? एका गावातील कुलपावरून साऱ्या कल्पनेला फाशी देणे हा न्याय नव्हे, आणि न लिहिलेल्या वाक्याचा प्रतिवाद ही चर्चा नव्हे.

माजी मुख्याध्यापिका:
आपण ‘कमी पटाच्या शाळा’ असेच लिहिले आहे. कमी म्हणजे शून्य नव्हे, एवढे गणित मी पहिलीच्या वर्गाला शिकवीत असे.

कौलारू:
बाईंशी मी सहमत आहे, आणि रिस्सेईचा आक्षेप, नाइलाजाने का होईना, मान्य करतो. तरीही त्यातून ‘सरळरेषा’ यांचे म्हणणे सिद्ध होत नाही, उलट महापालिकेच्या मोठ्या मनाला पर्यटकांचा भाव किती लवकर कळतो, तेच दिसते. मेइरिन वाचली, कारण 1990 च्या दशकात त्या मोहल्ल्यात गिओन उत्सवाचे रथ वर्षानुवर्षे उभारणारे, एकत्र बसून निर्णय घेण्याची सवय असलेले लोक होते.

ओसाकानिवासी:
म्हणजे रिस्सेईचे लोक असंघटित होते? हा तर्क घाईचा आहे. तेथील जमीन विकलेली नाही, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली आहे. जुनी इमारत राखून नवे बांधकाम तिला जोडले आहे आणि रहिवाशांच्या वापरासाठी जागाही ठेवली आहे. चित्रपटगृह गेले याचे मला वाईट वाटते. मी हॉटेलची वकिली करत नाही. पण जमिनीची मालकी आणि रहिवाशांची जागा दोन्ही ठिकाणी टिकली, आणि बाईंच्या गावात नेमके तेच झाले नाही.

सरळरेषा:
उत्तम. ‘मोठ्या मनाने’ हे शब्द मी ‘कौलारू’ यांच्या चरणी अर्पण करतो आणि प्रस्ताव सुधारून मांडतो : पट शून्य झाल्यावरच, ग्रामसभेच्या ठरावाने, मालकी गावाकडे ठेवून आणि मुदतीच्या कराराने. आता तरी बाईंची हरकत नसावी.

माजी मुख्याध्यापिका:
किल्लीची दुसरी जोडी ग्रामपंचायतीत राहील, हेही करारात लिहा. मग बोलू.