शब्दचर्चा : मर्चंडायझिंगची उमेदवारी आणि तिथले शब्द

इचलकरंजीची

मुंबईतल्या एका कपडे निर्यात करणाऱ्या कंपनीत, मर्चंडायझिंग विभागात, माझी इंटर्नशिप चालू आहे. कॉलेजच्या वार्षिकाच्या मराठी विभागासाठी या कामावर लेख लिहायचा आहे. तीन शंका आहेत.

पहिली, 'इंटर्नशिप'ला काय लिहू? 'आंतरवासिता' वाचलं की डॉक्टरच डोळ्यांसमोर येतात. आजोबा म्हणाले, "सरळ उमेदवारी लिही की." मैत्रिणी म्हणतात, लोकांना वाटेल निवडणुकीला उभी राहिलीस.

दुसरी, 'मर्चंडायझर'. घरी रोज विचारतात, नक्की करतेस काय? मी डिझाइन करत नाही, शिवत नाही, विकत नाही. मेल लिहायचे, कापडाचे तुकडे कार्डावर चिकटवायचे, डाइंगवाल्याच्या आणि बटणवाल्याच्या मागे लागायचं. याला एक शब्द आहे का?

तिसरी, लॅब डिप (रंग मंजूर करून घ्यायला रंगवलेले कापडाचे छोटे तुकडे), स्ट्राइक ऑफ (छपाईचा तसाच नमुना), साइझ सेट, पीपी, टीएनए (कोणतं काम कोणत्या तारखेला याचं वेळापत्रक), कन्झम्प्शन (नगाला लागणारं कापड) हे शब्द असेच ठेवू की मराठी करू? घरी माग आहेत. ताणा, बाणा, बीम, सायझिंग हे सगळं लहानपणापासून ऐकलंय. पण ते शब्द इथे मीटिंगमध्ये कोणी काढत नाही.

मापपट्टी

आजोबांचं ऐक. उमेदवारीच लिही.

फारसीतल्या 'उमेद'वरून हा शब्द आला. नोकरी लागेल, हाताला काम येईल या आशेवर एखाद्याच्या हाताखाली राबणारा तो उमेदवार. वकिलाकडे, छापखान्यात, पेढीवर लोक उमेदवारी करत. १९६१च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखाली जे कारखान्यात लागतात, त्यांना आजही 'शिकाऊ उमेदवार'च म्हणतात. तू मात्र 'शिकाऊ उमेदवार' लिहू नकोस, कारण त्याला कायद्याचा करार आणि विद्यावेतन चिकटलेलं आहे आणि तुझी इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग आहे. नुसती 'उमेदवारी' तुला बरोबर बसते.

निवडणुकीचा गोंधळ क्रियापदाने सुटतो. निवडणुकीत उमेदवारी मिळते, जाहीर होते, मागे घेतली जाते. काम शिकताना उमेदवारी *करतात*. 'मी सध्या उमेदवारी करते आहे' हे वाक्य वाचून कोणाला मतपेटी आठवणार नाही.

आता मर्चंडायझर. मी या कामात वर्षानुवर्षं आहे आणि मराठी प्रतिशब्दाच्या वाटेला गेले नाही, पण काम एका वाक्यात सांगता येतं: परदेशातल्या गिऱ्हाइकाने मागितलेला कपडा, ठरलेल्या भावात, ठरलेल्या तारखेला, ठरल्यासारखाच बोटीवर चढवून देण्याची जबाबदारी घेणारा माणूस. आपल्या भाषेत याच्या जवळचा शब्द हवा असेल तर कामाला शोध, पदाला नको. 'पाठपुरावा' हा शब्द या कामासाठीच घडवल्यासारखा आहे. आणि 'तगादा' वेगळा, हे लेखात जरूर सांग. लॅब डिप गुरुवारी द्यायचं ठरलंय आणि तू मंगळवारी विचारतेस, तो पाठपुरावा. गुरुवार उलटून गेला आणि तू दर दोन तासांनी फोन करतेस, तो तगादा. तगाद्यात येणं बाकी असतं. उमेदवारीत पहिल्यांदा शिकायचं ते हे, की पाठपुरावा नीट केला तर तगाद्याची वेळ येत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबेल.

बायरला जाणाऱ्या मेलमधले शब्द हलवू नकोस. तिथे प्रत्येक शब्दामागे पैसे असतात. 'सॅम्पल'ला आपण 'नमुना' म्हणून मोकळे होतो, पण कारखान्यात ते अनेक वेगवेगळे कपडे आहेत. प्रोटोत फक्त कल्पना बघायची, त्यामुळे हाताशी असलेलं कापड चालतं. फिटमध्ये माप आणि बसणं बघतात. साइझ सेटमध्ये स्मॉलपासून डबल एक्सेलपर्यंत सगळी मापं शिवून दाखवायची. पीपी म्हणजे प्रॉडक्शनच्या आधीचा शेवटचा नमुना: खरं कापड, खरी बटणं, खरं लेबल. तो मंजूर झाल्याशिवाय कटिंग लावायचं नाही. 'नमुना पास झाला' असं तू खाली जाऊन सांगितलंस आणि पास झाला होता फिट, तर कटिंग मास्तर हजारो नगांचं कापड कापायला घेईल. म्हणून बोलताना कोणता नमुना ते आधी, पास की नापास ते मग.

'अप्रूव्हड' शब्दही तसाच. बायर बऱ्याचदा 'अप्रूव्हड विथ कॉमेंट्स' लिहितो. नवीन मुलं पहिला शब्द वाचतात आणि आनंदाने मेल पुढे ढकलतात. त्याचा खरा अर्थ असा: पुढे जा, पण खाली लिहिलेले बदल करूनच. ते बदल मालात दिसले नाहीत तर मंजुरीचा उपयोग नाही. मराठीत त्याला 'सूचनांसह मंजूर' म्हणता येईल, आणि 'सूचनांसह' आधी येतं म्हणून मला ते इंग्रजीपेक्षाही चोख वाटतं.

रंगाच्या बाबतीत मात्र मराठी सोडू नकोस. कोड पॅन्टोनचाच (जगभर चालणाऱ्या रंगांच्या पट्टीचा) द्यायचा, १९-४०५२ टीसीएक्स वगैरे, त्याला पर्याय नाही. (पहिले दोन आकडे रंग किती फिका की गडद ते सांगतात. ११ म्हणजे अगदी फिका, १९ म्हणजे गडद. हे कळलं की कोड नुसता वाचूनही अंदाज येतो.) पण डाइंगवाल्याशी बोलताना 'अंडरटोन' कशाला? आपल्याकडे 'झाक' आहे. "बी ऑप्शन लालसर झाक मारतोय, ए बरोबर आहे पण किंचित मंद कर." एवढ्यात त्याला सगळं कळतं. भडक, मंद, गर्द, फिका, उतरलेला, मळखाऊ, एकेक शब्द नेमका आहे.

आणि लॅब डिप बघताना लाइट बॉक्समध्ये डी६५ आणि टीएल८४ दोन्ही दिवे लावून बघ. डी६५ म्हणजे दिवसाचा उजेड, टीएल८४ म्हणजे दुकानातला. एका दिव्याखाली जुळलेला रंग दुसऱ्याखाली फुटतो, त्याला मेटामेरिझम म्हणतात. साडीच्या दुकानात आपल्या आया "जरा उजेडात दाखवा" म्हणून पायरीपर्यंत साडी नेत, ते याचसाठी.

उभा धागा

मर्चंडायझरला 'गुमास्ता' का नको? जुना शब्द आहे आणि कापडाच्याच धंद्यातला आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा गुमास्ता विणकरांना आगाऊ रक्कम द्यायचा, माल तपासायचा, गोळा करून कोठीत पाठवायचा. ऑर्डर, तपासणी, रवानगी, तिन्ही आलं. मुंबईत दुकानाच्या परवान्याला लोक अजून 'गुमास्ता' म्हणतातच.

मापपट्टी

नको, आणि तळमळीने सांगते. गुमास्ता कंपनीचा माणूस होता, म्हणजे खरेदीदाराच्या बाजूचा. आगाऊ रकमेत अडकलेल्या विणकराला दुसऱ्याला माल विकता येत नसे. बंगालमध्ये त्या नावाने लोक कापत. आपला मर्चंडायझर कारखान्याच्या बाजूने बसतो, बायरचं म्हणणं कारखान्याला आणि कारखान्याची अडचण बायरला समजावतो. आजचा गुमास्ता शोधायचाच असेल तर तो बाइंग हाउसमध्ये, म्हणजे बायरच्या वतीने माल घेणाऱ्या कचेरीत सापडेल, आणि तिथेही त्या बिचाऱ्यांवर अन्यायच होईल. मर्चंडायझर राहू दे. स्टेशन, तिकीट राहिलं तसंच.

काजंबटणं

माझ्या वडिलांचं शिंपीकामाचं दुकान होतं, आता मी गारमेंट युनिटमध्ये आहे, म्हणून तिसऱ्या शंकेबद्दल लिहितो. ताई, तुझ्या फाइलमधले निम्मे शब्द मराठीत आधीपासून आहेत, फक्त ते शिंप्याच्या दुकानात राहिले, कॉलेजात आले नाहीत.

टेक पॅकमध्ये, म्हणजे कपड्याची मापं आणि तपशील लिहिलेल्या कागदांत, 'आर्महोल' असतं, तो मुंढा. 'लायनिंग' म्हणजे अस्तर. 'बटनहोल' म्हणजे काज. 'रनिंग स्टिच' म्हणजे धावदोरा. 'फॅब्रिक विड्थ' म्हणजे पन्हा. पन्हा तर रोज लागतो. कॉस्टिंग ५८ इंच पन्ह्यावर केलं आणि तागे ५६चे आले तर अख्खा हिशोब बिघडतो. तागा उघडला की आधी पन्हा मोज, काठापासून काठापर्यंत नाही, काठ सोडून. कापता येतो तेवढाच पन्हा आपला.

मला सगळ्यात प्रिय शब्द 'माया'. शिवणीच्या आत जे कापड राखतात ती माया. "बाजूला अर्धा इंच माया ठेव" असं वडील म्हणत. पोर वाढलं की उसवून सैल करता यावं म्हणून लहान मुलांच्या कपड्यांत ती जास्त. 'सीम अलाउन्स'मध्ये हे काही नाही. लाइनवरच्या मराठी बायकांना "माया कमी पडतेय" म्हटलं की लगेच उमजतं, सीम अलाउन्स म्हटलं की सुपरवायझरकडे बघतात.

'बेतणे' हाही असाच. माप घेऊन, कापड कमीत कमी वाया जाईल अशा बेताने कापणं म्हणजे बेतणं. मार्कर, म्हणजे कापडावर कपड्याचे भाग कसे बसवायचे त्याचा आराखडा, म्हणजे तेच, आता संगणकावर.

दर्शनी भाग

एक गोष्ट राहून जातेय. मी कपड्यांच्या दुकानांच्या साखळीत काम करते आणि आमच्याकडेही मर्चंडायझर आहे, पण तो वरच्या वर्णनात कुठेच बसत नाही. तो ठरवतो की कोथरूडच्या दुकानात किती कुर्ते पाठवायचे, त्यात मिडियम किती, लार्ज किती, आणि न खपलेल्या मालावर सूट कधी लावायची. शिवाय व्हिज्युअल मर्चंडायझर वेगळा, तो काचेमागची आणि रॅकवरची मांडणी बघतो. एकच शब्द, तीन नोकऱ्या. लेखात 'निर्यातीतला मर्चंडायझर' असं एकदा स्पष्ट लिही, नाहीतर पुढच्या वर्षी एखादी मुलगी पुतळ्यांना कपडे घालायच्या अपेक्षेने तुझ्या कंपनीत येईल.

इचलकरंजीची

सगळ्यांचे मनापासून आभार. मापपट्टी ताई, पाठपुरावा आणि तगादा यांतला फरक आता रोज दिसतो. काजंबटणं काका, आज तागा उघडून पन्हा मोजून घेतला, काठ सोडून.

लेखातला एक परिच्छेद टाकते, बघाल का?

"टी-शर्टला कापड किती लागेल हे आधी काढावं लागतं. कापडाचं वजन जीएसएममध्ये, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम असं मोजतात. गोल कटरने १०० चौरस सेंटिमीटरची चकती कापायची, काट्यावर ठेवायची आणि आलेल्या ग्रॅमला शंभराने गुणायचं. चकती १.८ ग्रॅमची भरली तर कापड १८० जीएसएमचं. मग माप घ्यायचं. उंची ७० सेंटिमीटर, बाही २२, माया ८, मिळून १००. अर्धी छाती ५२, माया ४, मिळून ५६, पुढचं-मागचं धरून दुप्पट ११२. म्हणजे १.१२ चौरस मीटर, १८० ग्रॅमच्या हिशोबाने २०१.६ ग्रॅम. त्यावर १० टक्के माया धरली की नगाला सुमारे २२२ ग्रॅम, डझनाला २ किलो ६६० ग्रॅम. असे ३,००० नग बेतून झाले की शिलाईला जातात. शेवटच्या तपासणीत त्यातले १२५ नग बघतात. एक्यूएल, म्हणजे दोषांची चालवून घ्यायची ठरलेली मर्यादा, २.५ असेल तर मोठे दोष ७ पर्यंत चालतात, ८ निघाले की सगळा लॉट नापास."

काजंबटणं

हिशोब चोख आहे. फक्त १० टक्क्यांच्या जागी 'माया' नको, 'घट' लिही. माया कपड्याच्या आत राहते, शिवणीत. घट म्हणजे जे कापड चिंध्या होऊन टेबलाखाली पडतं. दोन्हीला एकच शब्द वापरलास तर वाचणाऱ्याला वाटेल ८ सेंटिमीटर दोनदा धरले. आणि ३,००० नग 'बेतून' छान वाटलं, तसंच ठेव.

मापपट्टी

इथे माझं काकांशी जमत नाही. बेतणं एका अंगासाठी असतं, समोर माणूस उभा असतो. थरावर थर टाकून कटरने कापतात त्याला कारखान्यात सगळे 'कटिंग'च म्हणतात. "३,००० नगांचं कटिंग झालं की" असं कर, आणि बेतणे मार्करच्या वाक्यात घाल, तिथे तो खरा शोभतो: "कमीत कमी घट जाईल असं मार्कर बेतायचं."

'लॉट नापास'नंतर पुढे काय होतं तेही एका ओळीत सांग. माल परत उघडून, एकेक नग तपासून, दुरुस्त करून पुन्हा तपासणीला लावतात, आणि तेवढ्यात न्हावा शेव्याची बोट चुकली तर विमानाने पाठवायचा खर्च बहुधा कारखान्याच्या माथी येतो. लेख वाचणाऱ्या मुलींना ८ या आकड्याची भीती त्याशिवाय कळणार नाही.