बांधून ठेवलेल्या कुत्रीसाठी घर शोधतेय: लहान मूल असलेल्या घरी द्यावी का?

नमस्कार मंडळी,

मदत हवी आहे. ओळखीतल्या एका घराच्या मागच्या अंगणात एक कुत्री कायम साखळीला बांधलेली असायची. पाण्याचं भांडं बहुतेक वेळा कोरडंच. मालकांना ती नकोच झाली होती, त्यामुळे भांडण न होता सुटली. मालकी सोडत असल्याचं त्यांच्याकडून लेखी घेतलं आहे. (ज्यांना असं काही करायचं असेल त्यांनी हे आधी करा. कुत्रं गुटगुटीत झालं की मालकांना अचानक माया फुटते.)

नाव चिंगी ठेवलंय. दातांवरून डॉक्टरांनी वय चारेक वर्षं सांगितलं. शरीराच्या भरलेपणाची १ ते ९ अशी मोजपट्टी असते, तिच्यावर ती २ होती. पिल्लू असताना घातलेला पट्टा कधी सैलच केला नव्हता, तो मानेच्या कातडीत रुतला होता. भूल देऊन कापून काढावा लागला. जखम भरलीय, पण मानेभोवती बोटभर रुंदीची केस नसलेली कडी राहिलीय आणि तिथे हात लागला की ती अजूनही डोळे मिटून घेते.

खाण्याचं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. फार दिवस उपाशी असलेल्या जनावराला एकदम पोटभर वाढलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपकन खाली येतं आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा देत, हळूहळू वाढवत नेलं. गोचीडतापाचा २८ दिवसांचा डॉक्सीसायक्लिनचा कोर्स झाला, जंताचं औषध आणि लसी झाल्या, वजन भरल्यावर नसबंदीही झाली. तब्येतीची काळजी आता नाही.

अडचण वेगळीच आहे. जेवताना कुणी जवळ गेलं की चिंगी खायची थांबते, भांड्यावर मान खाली घालून ताठ होते, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागतो. आणखी एक पाऊल टाकलं की गुरगुरते. चावलेली नाही, एकदाही नाही. एरवी इतकी गरीब आहे की मांजर जागेवरून उठवतं तिला.

एक जोडपं तिच्या प्रेमात पडलंय. चांगली माणसं आहेत, येऊन भेटून गेलीत, पण त्यांचा मुलगा ३ वर्षांचा आहे. ‘आम्ही तिला वेगळ्या खोलीत जेवायला देऊ’ म्हणतात. दुसरी विचारणा एकट्या राहणाऱ्या एका निवृत्त काकांची आहे. माझा भाऊ म्हणतो, गुरगुरण्याचं कशाला सांगतेस, नव्या घरी गेली की सुटेल सवय. मला ते अजिबात पटत नाही, सांगणार तर आहेच. प्रश्न असा की सगळं सांगूनही ते जोडपं तयार असेल तर द्यावी का? आणि तोवर घरी काय करता येईल? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, आत्ता तरी त्या घरी देऊ नका. वेगळी खोली भांड्यापुरती ठीक आहे, पण मुलाच्या हातातून पडलेलं बिस्कीट वेगळ्या खोलीत पडत नाही. ते उचलायला दोघं एकदमच वाकणार. आणि ताठ झालेली मान ३ वर्षांच्या पोराला कळणार कशी?

गुरगुरण्यावरून ओरडू नका. ती सूचना आहे. ती दाबली तर कुत्रं सूचना न देता चावायला शिकतं. ‘मालक कोण ते कळू दे’ म्हणून जेवताना भांडं ओढून घ्यायचा सल्ला कुणी ना कुणी देईलच, तो ऐकू नका. उलटं करा. ती ताठ होत नाही इतक्या लांबून चालत जा, जाता जाता भांड्यातल्यापेक्षा चविष्ट तुकडा तिच्याकडे टाका आणि न थांबता पुढे जा. माणूस आला की काही जात नाही, वर मिळतंच, हे तिला पटलं की अंतर कमी करा. याला आठवडे लागतात, घाई केली की मागे जाते. चावायला धावली तर मात्र प्रशिक्षक बघा.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, फक्त ‘मुलं असलेलं घर नकोच’ असं सरसकट नको. दहा-बारा वर्षांची समजूतदार मुलं असतील तर गोष्ट वेगळी.

आमचाही असाच आणलेला आहे. पहिले ३ दिवस भेदरलेला, ३ आठवड्यांत रुळलेला आणि ३ महिन्यांनी खरा स्वभाव दिसलेला, हा ठोकताळा आमच्याकडे बराचसा जुळला. म्हणून कुठेही दिलीत तरी आधी काही आठवडे तात्पुरती ठेवायला द्या आणि ‘जमलं नाही तर परस्पर कुणाला न देता तुमच्याकडेच परत’ हे लेखी घ्या. मायक्रोचिप (कातडीखाली बसवतात ती ओळख पटवणारी चिप) बसवून तिच्या नोंदीत नव्या मालकाचा फोन टाका. आणि सुरुवातीला बाहेर नेताना दोन लीश, एक हार्नेसला (छातीभोवती बांधायच्या पट्ट्यांना), एक गळ्यातल्या पट्ट्याला. नव्या घरातून पहिल्या दिवसांतच कुत्री निसटतात.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. बिस्किटाचं डोक्यातच आलं नव्हतं. त्या जोडप्याशी बोलले. वाईट वाटलं त्यांना, पण मुलगा मोठा झाल्यावर बघू म्हणाले. काकांना गुरगुरण्याचं सगळं सांगितलं, तर म्हणाले, ‘जेवताना मलाही कुणी बोललेलं चालत नाही.’ पुढच्या आठवड्यात ती तात्पुरती त्यांच्याकडे जातेय.

आता एकच. चिंगी फिरायला नेताना भयंकर ओढते आणि काकांचे गुडघे दुखतात. मानेमुळे पट्ट्याला लीश लावायचीच नाही, म्हणजे दोन्ही लीश हार्नेसलाच लावाव्या लागतील. छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस कुणी वापरलाय का? काखेत घासतो का तो?