डोळ्यांच्या तपासणीतील फ्लुओरेसीन
डोळ्याला लावलेल्या नारिंगी पट्टीतला रंग आणि हाताच्या शिरेतून दिला जाणारा रंग एकच आहे का, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे; दोन्ही फ्लुओरेसीनच, जे १८७१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बायर यांनी प्रथम तयार केले. पट्टीतला रंग बुबुळावरचे पारदर्शक पटल जिथे खरचटले असेल तिथे धरतो आणि निळ्या प्रकाशात तेवढाच भाग हिरवा चमकतो, तर शिरेतून दिलेला रंग काही सेकंदांत दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांत पोहोचतो व त्यांतील गळती छायाचित्रांत स्पष्ट दिसते. त्यानंतर त्वचा काही तास पिवळसर दिसते आणि लघवीचा रंगही बदलतो. रुग्ण घाबरू नये म्हणून ही कल्पना आधी दिलीच पाहिजे, असे मला कळकळीने वाटते. पूर्वी ॲलर्जी झाली असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. मऊ कॉन्टॅक्ट लेन्सही आधी काढाव्यात, कारण त्या रंग शोषून घेतात.